म्हाताऱ्या वेलीचं कुळ

खडकीच्या अंगाला गणेशखिंडीची सरकारी बाग 1873 पासून आहे. मुंबई सरकारचे फलोद्यानतज्ज्ञ डॉ. जी. एस. चीमा यांनी तिथे ‘पंढरी साहेबी’ द्राक्षाच्या बिया रुजवल्या आणि उगवलेल्या रोपांतून निवडून ‘चीमा साहेबी’ हे वाण काढलं. हे खायचं पांढरं द्राक्ष, रेड वाइनचं नव्हे. पण जुन्या वेलींच्या वाइनची कुळी इथूनच नीट उलगडते. द्राक्षाचं बी पेरलं की वंश बदलतो, काडी लावली की तीच वेल पुढे चालते. वाइनवाले म्हणून काडीलाच धरून राहिले. जगभरच्या शिराझ या वाइनच्या द्राक्षाच्या बागा मुळात एकाच झाडाच्या काड्या आहेत.

1860च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा किडीनं युरोपातल्या बागांची मुळं पोखरली. उताराही अमेरिकेचाच निघाला: तिथल्या खुंटावर युरोपची काडी बांधायची. आपला बागायतदार डॉगरिज खुंटावर बाग धरतो ते तंत्र तेच, फक्त आपलं दुखणं क्षारांचं आणि पाण्याच्या ताणाचं. किडीच्या तावडीतून सुटलेल्या, स्वतःच्या मुळांवर उभ्या जुन्या वेली त्यामुळे मोलाच्या झाल्या. ऑस्ट्रेलियातल्या बारोसात 1840च्या दशकातलं शिराझ अजून फळतं. स्लोव्हेनियातल्या मारिबोर शहरात चारशेहून जास्त वर्षांची लाल द्राक्षांची एक वेल आहे. तिची वाइन दरवर्षी मोजक्याच छोट्या बाटल्यांत भरते. अशा झाडांची मुळं खोल गेलेली असतात, माल थोडा येतो, आणि म्हणून रस दाट पण चव संयत राहते.

आपल्याकडे वेल म्हातारी होत नाही, कारण ती झोपतच नाही. थंड मुलखात ती हिवाळाभर पानं गाळून पडून असते. इथे एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, मग डोळे फुटावेत म्हणून काडीला पेस्ट. वर्षात दोनदा ओलांड्यावरची सगळी हिरवळ उतरते. दहा-पंधरा वर्षांत खोडाचा जोर ओसरतो, उतारा घटतो, आणि बाग काढली जाते. खायच्या द्राक्षात तो हिशेब बरोबरच आहे. वाइनच्या बागेला मात्र तोच लावणं मला पटत नाही. तिथे घटलेला उतारा हा तोटा नसून दर्जाची सुरुवात असू शकते.

बारोसावाल्यांनी 2009 मध्ये वयाची यादीच ठरवली: ‘जुनी’ म्हणायला किमान 35 वर्षं. नाशकात 1997 साली लावलेली वेल राखली, तर 2032 मध्ये त्या पायरीवर पोहोचेल.