साहेबाच्या घरचा वाढदिवस

वाढदिवस हा शब्द आपल्या भाषेनें मोठ्या आशेनें घडविलेला आहे. ज्या दिवशीं मूल एका वर्षानें वाढलें तो दिवस वाढीचा, आणि वाढ ही सर्वथा इष्टच, अशी त्या शब्दामागची श्रद्धा आहे. जुन्या घरांतून हा दिवस तिथीप्रमाणें पाळीत. मुलास अभ्यंगस्नान घालावें, मार्कंडेयाचें व चिरंजीवांचें पूजन करावें, तीळ व गूळ घातलेलें दूध त्यास पाजावें, सुवासिनींनीं औक्षण करावें, असा वर्धापनविधीचा क्रम असे. आणि त्यांतील प्रत्येक उपचाराचा अर्थ एकच, कीं आयुष्याची दोरी लांब होवो. परंतु मुलाचा वाढदिवस जवळ आला म्हणजे आईच्या पोटांत कालवावें, मूल वाढलें याच गोष्टीचें तिला भय वाटावें, असा एक समाज याच देशांत, आपल्या शेजारीं, दीड-दोन शतकें नांदून गेला. तो समाज म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांचीं व व्यापाऱ्यांचीं कुटुंबें होत. परदेशांत संसार थाटून मुलें वाढविणें म्हणजे काय, हें ज्यास समजून घ्यावयाचें असेल त्यानें त्यांच्या घरच्या वाढदिवसाकडे एकवार पाहावें.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. या लोकांना मूल एक वर्षाचें होणें हाच मुळीं विजय वाटत असे. कलकत्त्याच्या पार्क स्ट्रीटवरील जुनी दफनभूमि १७६७ सालीं सुरू झाली. तेथील शिलालेख वाचीत गेल्यास तान्ह्या मुलांच्या समाधि जागोजाग आढळतात; आणि मुलाचें वय वर्षें, महिने व दिवस असें मोजून कोरलेलें दिसतें. ज्यास वाढदिवस लाभला नाहीं, त्याचे दिवस तरी दगडावर मोजून ठेवावे, अशी ती आईबापांची धडपड. पटकी, हगवण, हिंवताप यांच्या तडाख्यांतून जें मूल वांचलें, त्याचा वाढदिवस थाटानें होई यांत नवल नाहीं. वयाइतक्या मेणबत्त्या लावण्याची रीत जर्मनींत अठराव्या शतकांत दिसून येते; ती पुढें इंग्रजी घरांतून रुळली आणि तेथून साहेबाच्या बंगल्यांत आली. केक खानसाम्यानें भाजावा, आयेनें मुलाला नटवावें, छावणींतील इतर मुलांनीं आपापल्या आयांसह जमावें, असा तो समारंभ असे. म्हणजे सण विलायती, पण तो साजरा करणारे हात बहुतेक देशी.

असे चार-पांच वाढदिवस आनंदांत जात. त्यापुढची प्रत्येक मेणबत्ती आईला एक निराळा हिशेब सांगूं लागे. मूल पांच ते सात वर्षांचें झालें कीं त्यास विलायतेस धाडावें, हा त्या समाजाचा अलिखित कायदा होता. कलकत्त्याचे प्रख्यात डॉक्टर जोझेफ फेअरर यांनीं बंगालमधील युरोपीय मुलांच्या संगोपनावर १८७३ सालीं एक पुस्तक लिहिलें, त्यांतही हीच मर्यादा सांगितली आहे: पांच, सहा, फार तर सात वर्षांपर्यंत मूल या देशांत ठेवण्यास हरकत नाहीं, पुढें मात्र शरीर आणि शील या दोहोंचीही हानि होते. या मतांतील शरीराची गोष्ट क्षणभर खरी मानली, तरी एक शंका राहतेच. साथीचे रोग तान्ह्या मुलांना अधिक ग्रासीत. मग जें मूल त्या संकटांतून पार पडून धट्टेंकट्टें झालें, त्यालाच हवा मानवत नाहीं असें म्हणावयाचें, हा न्याय कोणता?

खरें कारण शीलाच्या नांवाखालीं दडलेलें होतें. पांच वर्षांचें मूल आयेशीं, माळ्याशीं, घोडेवाल्याशीं त्यांच्या भाषेंत बोलूं लागे. तें जमिनीवर मांडी घालून बसे, हातानें भात खाई, नोकरांच्या गोष्टींत रमे. इंग्रजी बोललें तरी तिला देशी हेल येई. आणि त्या हेलाची साहेबलोकांस पराकाष्ठेची धास्ती असे, कारण तो ऐकतांच मुलाची गणना मिश्र रक्ताच्या लोकांत होण्याचा संभव. थंड हवेच्या ठिकाणीं शाळा नव्हत्या असें नाहीं. सनावर येथें १८४७ सालीं व सिमल्यास १८५९ सालीं शाळा निघाल्या. आपल्या पांचगणीस १८९८ सालीं किमिन्स शाळा सुरू झाली. हवा हेंच कारण असतें, तर या डोंगरांवर तें संपावयास हवें होतें. पण ऐपतीचा साहेब आपलें मूल तेथें न ठेवतां बोटीवर चढवी. येथें वाढलेला मुलगा दुय्यम प्रतीचा ठरे आणि बड्या जागा त्यास दुरावत. सिव्हिल सर्व्हिसची स्पर्धापरीक्षा १८५५ सालीं सुरू झाली, ती १९२२ पर्यंत लंडनखेरीज कोठेंच होत नसे. या अटीमुळें आपल्या तरुणांवर झालेला अन्याय दादाभाईंपासून अनेकांनीं जगापुढें मांडला, तो वाचकांस ठाऊक आहेच. पण तीच व्यवस्था खुद्द साहेबाच्या पांच वर्षांच्या लेंकराला आईच्या मांडीवरून ओढून नेत होती, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. दुसऱ्यांस दूर ठेवण्यासाठीं घातलेलें कुंपण घालणाऱ्याच्या घरांतूनही गेलें होतें.

या वियोगाचीं दोन उदाहरणें इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासांत नमूद आहेत. कादंबरीकार थॅकरे याचा जन्म १८ जुलै १८११ रोजीं कलकत्त्यास झाला. चार वर्षांचा असतां त्याचे वडील वारले. आणि पांचवा वाढदिवस होऊन कांहीं महिने लोटतात न लोटतात तोंच, १८१६ च्या डिसेंबरांत, त्यास विलायतेच्या जहाजावर बसविण्यांत आलें. पुढें उतारवयांत लिहिलेल्या एका लेखांत त्यानें कलकत्त्याच्या घाटाचें स्मरण केलें आहे: दोन लहान मुलें, तो आणि त्याचा आतेभाऊ, पायऱ्या उतरून होडीकडे जात आहेत आणि दोघांच्या आया तीरावर उभ्या आहेत. वाटेंत सेंट हेलेना बेटावर त्यास कैदेंतील नेपोलियन दाखविण्यांत आला, ही हकीकत चरित्रकार आवडीनें सांगतात. परंतु विलायतेंतील शाळेंत हा मुलगा रात्रीं अंथरुणापाशीं गुडघे टेकून, आपल्याला आई स्वप्नांत दिसो, अशी प्रार्थना करीत असे, ही त्याचीच दुसरी आठवण मला अधिक मोलाची वाटते. आईची प्रत्यक्ष भेट होण्यास त्यास तीन वर्षांहून अधिक काळ वाट पाहावी लागली.

तेव्हां केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाणाऱ्या जहाजांस चार-सहा महिने लागत. १८६९ च्या नोव्हेंबरांत सुवेझचा कालवा खुला झाला आणि मुंबईहून विलायत कांहीं आठवड्यांवर आली. अंतर तुटलें म्हणजे वियोगही तुटेल असें कोणासही वाटावें. घडलें तें उलट. प्रवास सोपा झाला तशीं मुलें धाडणेंही सोपें झालें, आणि जी गोष्ट पूर्वीं श्रीमंतांसच परवडे ती मध्यम अधिकाऱ्यांचीही रीत होऊन बसली.

दुसरें उदाहरण आपल्या मुंबईचें आहे. जॉन लॉकवुड किपलिंग हे १८६५ सालीं सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंत शिल्पकला शिकविण्यास आले. त्याच वर्षीं ३० डिसेंबरास शाळेच्या आवारांतील घरीं रड्यर्ड हा मुलगा जन्मला. त्याची आया गोव्याची ख्रिस्ती बाई होती आणि गडी मीता हा हिंदु. आया त्यास पहांटे बाजारांत फिरावयास नेई व वाटेंतल्या क्रुसापाशीं थांबून प्रार्थना करी. मीता त्याचा हात धरून लहान देवळांत शिरे. दुपारीं दोघें त्यास देशी भाषेंत गोष्टी सांगत. संध्याकाळीं आईबापांपुढें धाडतांना मात्र आतां इंग्रजी बोलावयाचें, अशी ताकीद देत; आणि ज्या भाषेंत स्वप्नें पडत त्या भाषेंतून अडखळत भाषांतर करून मूल आपल्या आईबापांशीं बोले. ही सर्व हकीकत त्यानेंच १९३७ सालीं, मरणोत्तर, प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तांत दिली आहे. आईबापांपुढें परका आणि आयेपाशीं घरचा, अशी त्याच्या पहिल्या पांच वाढदिवसांची स्थिति होती.

१८७१ सालीं किपलिंग कुटुंब विलायतेस गेलें. आदल्या वर्षीं मुंबईंत त्यांचें एक मूल जन्मतांच दगावलें होतें, तेव्हां आईचें मन भ्यालेलें असल्यास तिला दोष देतां येत नाहीं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील साउथसी गांवीं एका अपरिचित कुटुंबांत पैसे देऊन रड्यर्ड व त्याची तीन वर्षांची बहीण यांस ठेवण्यांत आलें. आपण जात आहों हें आईबापांनीं मुलांना सांगितलें नाहीं. येणेंप्रमाणें मुलाचा सहावा वाढदिवस आईवांचून, बापावांचून, आयेवांचून गेला. आणि पुढचे पांचही तसेच गेले. त्या घरांतील छळाचें जें वर्णन त्यानें केलें आहे, त्यांत कांहीं अतिशयोक्ति असावी असें कित्येक टीकाकारांस वाटतें; साठीनंतर लिहिलेल्या आठवणी जपूनच वाचल्या पाहिजेत हेंही खरें. परंतु त्याच्या बहिणीच्या आठवणींतूनही त्यास पुष्कळ दुजोरा मिळतो. दरवर्षीं डिसेंबरांत एक महिना लंडनला मावशीच्या घरीं त्यास सुख लाभे; वाढदिवस त्याच महिन्यांत येत असल्यानें तेवढा एक दैवयोग अनुकूल म्हणावयाचा. १८७७ सालीं आई परत आली. रात्रीं त्याचा मुका घेण्यास ती वांकली तेव्हां मार चुकविण्यासाठीं मुलानें हात वर केला, असें आईनेंच पुढें त्यास सांगितलें. वर्षानुवर्षें पाठविलेल्या पत्रांचा आणि भेटींचा एवढाच निष्कर्ष त्या मातेच्या पदरीं पडला.

अशा प्रत्येक घरीं आईला नवरा कीं मुलें यांतून एक निवडावें लागे. माउड डायव्हर हिनें १९०९ सालीं हिंदुस्थानांतील इंग्रज स्त्रीविषयीं लिहिलेल्या पुस्तकांत हा पेंच सहानुभूतीनें मांडला आहे. नवऱ्यापाशीं राहिलेली आई वाढदिवसाची भेट कित्येक आठवडे आधीं टपालांत टाकी. मूल किती उंच झालें असेल याचा अदमास करून शिवलेला कपडा बहुधा आंखूड होई.

या कथेंत आणखी एक आई आहे, तिची नोंद मात्र कोणीं ठेवली नाहीं. ती म्हणजे आया. जें मूल तिच्या कडेवर वाढलें, तें एके दिवशीं बोटीवर चढून जाई आणि तिला दुसरें घर शोधावें लागे. कित्येक आया मुलांबरोबर विलायतेपर्यंत जात. आणि तेथें पोंचल्यावर परतीची तजवीज न करतांच त्यांस निरोप दिल्याचे प्रकार घडत. अशा बायांसाठीं लंडनांत एक आश्रयगृह निघालें होतें. १९०० सालीं तें हॅकनी भागांत आलें. त्या घरावर २०२२ सालीं स्मारकफलक बसविण्यांत आला. शंभर वर्षांहून अधिक काळानें कां होईना, त्या बायांचा उल्लेख भिंतीवर झाला.

किपलिंग १८८२ च्या ऑक्टोबरांत मुंबईस परत आला, तेव्हां त्यास सतरावें वर्ष सरत होतें. बंदरावरील वास व दृश्यें यांच्या योगें त्याच्या तोंडून देशी भाषेंतील वाक्यें आपोआप बाहेर पडूं लागलीं, आणि त्यांचा अर्थ त्याचा त्यालाच कळेना, असें तो लिहितो. या अनुभवाइतकें करुण दुसरें कांहीं या प्रकरणांत मला आढळलें नाहीं. पुढें हाच पुरुष साम्राज्याचा भाट झाला आणि या देशाच्या लोकांस अज्ञान बालकें समजूं लागला, याचा राग आपणांस येतो व तो यथार्थ आहे. परंतु ज्या साम्राज्याचे त्यानें गोडवे गाइले, त्यानेंच त्याची पहिली भाषा त्याच्या तोंडांतून काढून घेतली होती, हेंही विसरतां कामा नये.

आतां काळ पालटला आहे. लंडनमध्यें महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९३२ सालीं झाली. आज जगाच्या अनेक शहरांतून मराठी कुटुंबें स्थायिक आहेत आणि त्यांच्या घरीं केक व औक्षण एकाच संध्याकाळीं, एकाच मेजापाशीं होतात. त्यांचें साहेबाशीं साम्य दाखविणें अन्यायाचें होईल. ते कोणावर राज्य करावयास गेलेले नाहींत आणि मुलाला दूरही धाडीत नाहींत. तरी एक प्रश्न त्यांच्याही दारीं येतो. मूल शाळेंत जाऊं लागलें, त्या देशाची भाषा त्याच्या जिभेवर बसली, म्हणजे तें आपलें राहिलें कीं परक्यांचें झालें, अशी शंका वाढदिवसाच्या दिवशींच मनांत डोकावते. साहेबानें या शंकेला एक उत्तर दिलें: मूल ज्या मातींत रुजलें त्या मातींतून तें उपटून काढलें. त्यापायीं मुलाला ना ती माती मिळाली ना आई. दुसरें उत्तर असें, कीं मुलाला दोन्ही भाषांत हांक मारावी आणि कोणत्या भाषेंत ओ द्यावयाची हें त्याच्यावर सोंपवावें. त्या उत्तराला धीर अधिक लागतो, कारण मूल कोणती भाषा निवडील हें आधीं सांगतां येत नाहीं. पण तेवढा धीर आईबापांपाशीं असेल, तरच परक्या देशांत पेटविलेल्या मेणबत्त्या मोजतांना त्यांस भय वाटणार नाहीं, आणि तो दिवस आपल्या शब्दाच्या खऱ्या अर्थानें वाढीचा दिवस ठरेल.