इंग्रजी म्हणींचा मराठी प्रवास

म्हण हे अनुभवाचे सर्वांत लहान भांडे होय. पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण चार-सहा शब्दांत भरून ते पुढच्या पिढीच्या हाती दिले जाते. मराठी शाळांत इंग्रजी म्हणी शिकविल्या जातात, तेव्हा मात्र त्या बहुधा पाठांतराचा आणि गुणांचा विषय ठरतात. परक्या भाषेतील परके शहाणपण अशी त्यांची ओळख विद्यार्थ्यांच्या मनात रुजते. इतिहास पाहिला तर ही ओळख अपुरी असल्याचे ध्यानात येते.

ज्यांना आपण इंग्रजी म्हणी म्हणतो त्यांतील कितीतरी मुळात इंग्रजी नाहीत. इरॅस्मस या डच पंडिताने १५०० साली पॅरिसमध्ये ग्रीक व लॅटिन वचनांचा संग्रह छापला आणि पुढे आयुष्यभर तो वाढवीत नेला. त्यातील अनेक वचने युरोपातील भाषांत पसरली. विल्यम कॅक्स्टनने १४८४ मध्ये इसापच्या गोष्टी इंग्रजीत छापल्या, तर जॉन हेवूडने १५४६ मध्ये बोलीतील म्हणी पद्यात गुंफून प्रसिद्ध केल्या. रोम एका दिवसात उभे राहिले नाही, घाईने काम नासते, लोखंड तापलेले असतानाच घाव घालावा, ही वचने त्यात आढळतात. इंग्रजी भाषेने इतरांकडून घेतले, पचविले आणि आपले म्हटले. तिच्या समृद्धीचे हे एक मोठे कारण आहे.

मराठीने तेच केले आणि त्याचा आरंभ महाराष्ट्राबाहेर, तमिळ मुलखात झाला, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. तंजावरचे सरफोजीराजे (दुसरे) यांना बालपणी श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याचा सहवास लाभला. १७९३ मध्ये त्यांना मद्रासेत ठेवण्यात आले आणि तेथे गेरिके यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. १७९८ मध्ये ते गादीवर आले. इंग्रजी विद्या त्यांना आत्मसात होती. पण ती प्रजेला देताना त्यांनी स्वभाषा दूर सारली नाही. त्यांनी देवनागरी छापखाना उभारला आणि तेथून १८०६ मध्ये ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापच्या गोष्टींचे मराठी पुस्तक बाहेर पडले. विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण श्रीरामपूरला छापले गेले, त्याला तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. मुंबईत सदाशिव काशिनाथ तथा बापू छत्रे यांची ‘इसपनीतिकथा’ १८२८ मध्ये आली. म्हणजे तंजावरनंतर दोन दशकांनी.

या गोष्टींतून मराठीत काय आले? ‘कोल्ह्याला द्राक्षे आंबट’, ‘लांडगा आला रे आला’, ‘सिंहाचा वाटा’, ‘मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची’, ‘सोन्याची अंडी देणारी कोंबडी’. आज शेताच्या बांधावर किंवा एस.टी.च्या रांगेत हे शब्द उच्चारणाऱ्याला ते कधीकाळी बाहेरून आले असतील अशी शंकाही येत नाही. दोन शतकांत त्यांनी मराठीत घर केले.

मात्र सर्वच म्हणी अशा सहज रुळल्या नाहीत. एक पाकोळी दिसली म्हणून उन्हाळा आला असे नव्हे, ही म्हण शब्दशः मराठीत आणली तर निरर्थक वाटते. इंग्लंडमधील उन्हाळा हा वाट पाहण्याजोगा, सुखाचा ऋतू आहे आणि पाकोळ्या त्या सुमारास आफ्रिकेतून तेथे परततात, हे कळल्यावरच तिचा अर्थ उलगडतो. लोखंड तापलेले असता घाव घालावा, या म्हणीपुढे ‘तापल्या तव्यावर पोळी भाजून घेणे’ असे लिहिले जाते. परंतु इंग्रजी म्हण तत्परतेचा उपदेश करते, तर मराठी वाक्प्रचार स्वार्थसाधूला टोचतो. समानार्थी म्हणींची जोडी जुळविताना असा सूक्ष्म भेद विद्यार्थ्याच्या नजरेस आणून दिला, तर तो दोन्ही भाषा अधिक नेटकेपणाने शिकतो.

उलट दिशेनेही काम झाले. मोल्सवर्थ यांच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशात शब्दांच्या अनुषंगाने कितीतरी म्हणी नोंदविल्या गेल्या. रेव्हरंड मॅनवेअरिंग यांचा मराठी म्हणींचा इंग्रजी भाषांतरासह संग्रह १८९९ मध्ये ऑक्सफर्ड येथे छापला गेला. तमिळ म्हणींचा पर्सिव्हल यांचा सहा हजारांहून मोठा संग्रह १८७४ मध्ये मद्रासेत निघाला होता.

हे संग्रह शेजारी ठेवले की आणखी एक नवल दिसते. वाईट कारागीर हत्यारांना दोष देतो, असे इंग्रज म्हणतो. मराठी माणूस ‘नाचता येईना, अंगण वाकडे’ म्हणतो. तमिळ म्हणीतही नाचता न येणारी स्त्री ‘कूडम्’, म्हणजे घरातील दालन, वाकडे असल्याचे सांगते. इंग्रजीपेक्षा शेजारची तमिळ मराठीला किती जवळची आहे, हे या एका म्हणीतून उमगते.

चेन्नईहून कांचीपुरमकडे जाणाऱ्या वाटेवर श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे इरुंगाट्टुकोट्टै हे गाव लागते. १९९६ मध्ये ह्युंदाई कंपनीने तेथे कारखान्याची पायाभरणी केली आणि १९९८ मध्ये पहिली मोटार बाहेर पडली. अशा ठिकाणी नोकरीस जाणाऱ्या मराठी तरुणाला कामापुरती इंग्रजी आणि बाजारापुरती तमिळ लागतेच. मराठी माध्यमात शिकलेल्याचा तेथे निभाव कसा लागणार, ही पालकांची चिंता खोटी नाही. तिचे उत्तर तंजावरच्या त्या छापखान्यात आहे. सरफोजीराजांनी नवी विद्या मुलांपुढे ठेवली ती त्यांच्याच भाषेत. कारण समजलेली गोष्ट दुसऱ्या भाषेत सांगता येते, नुसती पाठ केलेली सांगता येत नाही. ज्याला ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही म्हण अंगणात कळली, त्याला रिकाम्या भांड्याचा आवाज इंग्रजीत ओळखू येण्यास वेळ लागत नाही.

साठ वर्षे मराठीतून ज्ञानदान करणाऱ्या शाळेने हीरक महोत्सवी वर्षात हा वारसा स्मरावा, हे उचितच आहे. दारे उघडी ठेवावीत, पण घर आपले असावे. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ हे जसे धनाचे, तसेच भाषेचेही खरे आहे.