थायरॉइडच्या ऑपरेशननंतर कॅल्शियम का कमी होते? चार छोट्या ग्रंथींची गोष्ट

थायरॉइडचे ऑपरेशन नीट पार पडले, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येऊ लागल्या, तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून अंगावर काढू नका. या मुंग्यांचे कारण कळायला डॉक्टरांना सुमारे ३० वर्षे लागली आणि तोवर अनेक रुग्ण दगावले.

१८८०च्या सुमारास व्हिएन्नातील नामवंत सर्जन बिलरोथ गलगंडाची मोठी ऑपरेशन्स करत. त्यांच्या काही रुग्णांना नंतर हातापायांत पेटके येत, बोटे आकडत, झटके येत. याला ‘टेटनी’ म्हणतात. जखमेतून जंतू शिरून होणारा धनुर्वात वेगळा. त्याच काळात स्वित्झर्लंडमधील बर्न येथे कोखर हेच ऑपरेशन करत, पण त्यांच्या रुग्णांना टेटनी क्वचितच होई. असे का, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

उत्तर थायरॉइडच्या मागच्या बाजूला दडलेले होते. तिथे साधारणपणे चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, प्रत्येकी जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी. रक्तातील कॅल्शियम योग्य पातळीवर ठेवणे हे त्यांचे काम. स्वीडनमधील उपसाला येथे सँडस्ट्रॉम या वैद्यकीय विद्यार्थ्याला १८७७ मध्ये त्या आधी कुत्र्यात दिसल्या आणि मग माणसांतही सापडल्या. १८८० मध्ये त्याने हे शोधकार्य प्रसिद्ध केले, पण तेव्हा त्याची फारशी दखल घेतली गेली नाही.

१८९१ मध्ये फ्रान्समध्ये ग्ले यांनी प्राण्यांवर प्रयोग करून या ग्रंथींचे महत्त्व दाखवले. पुढे १९०८-०९च्या सुमारास अमेरिकेत मॅककॅलम आणि फोग्टलिन यांनी पॅराथायरॉइड काढलेल्या कुत्र्यांचे रक्त तपासले. कॅल्शियम कमी झाले होते, आणि कॅल्शियम देताच पेटके थांबले! अमेरिकन सर्जन हॉलस्टेड यांनी बिलरोथ आणि कोखर या दोघांचीही ऑपरेशन्स पाहिली होती. त्यांच्या मते कोखर अतिशय सावकाश, रक्तस्राव न होऊ देता काम करत, म्हणून शेजारच्या ग्रंथी वाचत. बिलरोथ यांच्या झपाट्यात त्या निघून जात किंवा त्यांचा रक्तपुरवठा तुटत.

आज सर्जन या ग्रंथी ओळखून जपतात. तरीही त्यांना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या इतक्या नाजूक असतात की जागच्या जागी राहूनही ग्रंथी काही काळ ‘सुस्त’ होऊ शकतात. म्हणून कॅल्शियम कमी झाले म्हणजे ऑपरेशन चुकले, असे समजू नका. बहुतेकांच्या ग्रंथी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुन्हा काम करू लागतात. थोड्या रुग्णांना मात्र कायम औषधे घ्यावी लागतात.

तुम्ही काय करावे?

• मुंग्या आल्या किंवा पेटके आले, तर त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना कळवा. बोटे आकडली, श्वासाला त्रास झाला किंवा झटका आला, तर ताबडतोब रुग्णालय गाठा.
• कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका किंवा वाढवू नका. रक्त तपासून डॉक्टर डोस ठरवतील.
• थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी यांत किमान ४ तासांचे अंतर ठेवा, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही.

बिलरोथ यांच्या रुग्णांना जे औषध मिळू शकले नाही, ते आज जवळच्या मेडिकल दुकानात आहे. फक्त मुंग्या आल्याचे वेळेवर सांगणे तुमच्या हातात आहे.