टेक्सासमधील राहत्या घरावरील करसवलत

टेक्सासमधील राहत्या घरावरील करसवलत, अर्थात 'होमस्टेड एक्झेम्प्शन', ही अमेरिकेच्या टेक्सास राज्यात मालमत्ता करात दिली जाणारी सूट आहे. मालक स्वतः प्रामुख्याने ज्या घरात राहतो, त्या घराच्या मूल्यातून ठरावीक रक्कम वगळून उरलेल्या मूल्यावर कर आकारला जातो. भाड्याने दिलेली घरे व व्यापारी मालमत्ता यांना ती लागू नाही. राज्यात वैयक्तिक प्राप्तिकर नसून सार्वजनिक शाळांचा मोठा खर्च मालमत्ता करातून भागतो; त्यामुळे या सवलतीचा थेट संबंध शालेय निधीशी येतो.

इतिहास

शाळांसाठीच्या करातील ही सवलत राज्यघटनेत नमूद असल्याने ती वाढविण्यास घटनादुरुस्ती व मतदारांची संमती लागते. १९९७ साली ती ५,००० डॉलरवरून १५,००० डॉलर झाली. पुढची वाढ थेट २०१५ साली, २५,००० डॉलरपर्यंत झाली. त्यानंतर मात्र वेग वाढला: मे २०२२ मध्ये ४०,०००, नोव्हेंबर २०२३ मध्ये १,००,००० आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये १,४०,००० डॉलर. ३,००,००० डॉलर मूल्याच्या घरावर शंभर डॉलरमागे १ डॉलर दर धरल्यास, २०२२ च्या मर्यादेनुसार २,६०० डॉलर कर येतो. २०२५ च्या मर्यादेनुसार १,६०० डॉलर.

शालेय निधीवरील परिणाम

सवलत वाढली म्हणून शाळांचे उत्पन्न तेवढेच घटते, असे नाही. कर आकारणाऱ्या प्रत्येक शाळा-जिल्ह्याचा देय निधी विद्यार्थिसंख्येवर आधारित सूत्राने ठरतो. त्यातून स्थानिक कराचा वाटा वजा जाता उरलेली रक्कम राज्य देते. स्थानिक वाटा कमी झाला की राज्याचा वाढतो. श्रीमंत जिल्ह्यांचे जादा कर-उत्पन्न राज्याकडे वळविणारी, १९९३ पासूनची 'रॉबिन हूड' पद्धतही आहे. सवलत वाढल्यावर ही वसुलीही घटते.

राज्याचा वाटा वाढणे म्हणजे शाळांना अधिक पैसा मिळणे नव्हे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. प्रति विद्यार्थी मूळ तरतूद २०१९ पासून ६,१६० डॉलरवर स्थिर होती; २०२५ साली तीत ५५ डॉलरची भर पडली.

२०२३ ची वाढ सुमारे ३,२७० कोटी डॉलरच्या शिल्लकीच्या काळात मंजूर झाली. घटनेतील सवलत मतदारांच्या संमतीविना मागे घेता येत नाही, तर तिची भरपाई दर दोन वर्षांनी होणाऱ्या राज्याच्या अर्थसंकल्पातून करावी लागते. त्या अर्थसंकल्पाचा मोठा आधार विक्रीकर असून तो भाडेकरूही भरतात; त्यांना या सवलतीचा थेट लाभ मिळत नाही.