तात, मेण आणि कानस

वसईच्या किल्ल्यात हिंडताना कोणी ना कोणी घंटांची गोष्ट काढतोच. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई सर केली आणि येथील चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या देवळांत गेल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळाशी त्यांपैकी एक आजही टांगलेली आहे, आणि तिच्यावर १७२१ हे साल कोरलेले आहे. धातू टिकतो, साक्ष देतो. तंतुवाद्यांचे तसे नाही. लाकडाला वाळवी लागते, तात कुजते, आणि त्यांचा इतिहास लिहू पाहणाऱ्याच्या हाती फारसे काही उरत नाही.

बहादुरशहाने १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली, त्या काळी युरोपातील ल्यूटसारख्या वाद्यांच्या मानेवर धातूचे पडदे नव्हते. बकऱ्यामेंढ्यांच्या आतड्याची तात मानेभोवती घट्ट गुंडाळून गाठ मारीत, तोच पडदा. झिजला की कापून टाकावा, नवी तात बांधावी. ना हातोडा, ना करवत. शिवाय स्वर चुकतो असे वाटले तर पडदा तसूभर सरकवता येई. हे पडदे कोठे बांधावेत याचा सोपा नियम व्हिन्चेन्झो गॅलिली या संगीतज्ञाने १५८१ साली छापलेल्या ग्रंथात दिला. तो ज्योतिर्विद गॅलिलिओचा बाप. उरलेल्या तारेचा अठरावा भाग मोजावा आणि तेथे पडदा द्यावा, असा तो नियम. आजच्या गिटारची तार ६४८ मिलिमीटर धरली तर पहिला पडदा ३६ मिलिमीटरांवर येतो. पण अशी बारा पावले टाकली की बारावा पडदा मध्यापासून दोन मिलिमीटरांहून अधिक मागे राहतो. म्हणून आता अठराऐवजी १७·८१७ ने भागतात.

आपल्याकडचा पडदा याहून जुना आहे, आणि त्याची नोंद महाराष्ट्राच्या भूमीतच झाली, याचा मला उगाच अभिमान वाटतो. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात किन्नरी वीणेच्या सारिका गिधाडाच्या हाडाच्या असाव्यात आणि मेणात जळक्या वस्त्राची राख कालवून त्या बसवाव्यात, असे सांगितले आहे. पडदा मेणात बसवण्याची रीत बीनेवर पुढेही चालू राहिली. सतारीने मात्र दोऱ्याने बांधण्याची वाट धरली. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब नावाच्या शिकलगाराने हत्यारांचे काम सोडून तंबोरे-सतारी घडवायला घेतल्या. तेथील सतार व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. सतारीचा पितळी कमानदार पडदा रागानुसार वर-खाली सरकवायचा असतो. कोमल गांधार एका रागात जेथे बसतो, तेथेच तो दुसऱ्यात बसेल असे नाही. वाजवणाराच आपला कारागीर होतो.

गिटारने ही मोकळीक गमावली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तात सुटली आणि लाकडात खाच पाडून धातूचे पक्के पडदे आले. आधी ते सपाट पट्टीचे असत. अमेरिकेतील मार्टिन कारखान्याने १९३४ पासून खाली दाता असलेली, आडव्या छेदात इंग्रजी टी अक्षरासारखी तार वापरायला घेतली. ती बहुधा जर्मन सिल्व्हरची असते, आणि नाव काहीही असो, तिच्यात चांदी गुंजभरही नाही. तांबे, जस्त आणि निकेल, एवढेच. पोलादी तारेखाली ती झिजते, आणि येथूनच दुरुस्तीची विद्या सुरू होते.

गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या मुलाने आजोबांची गिटार दुरुस्तीला नेली, तेव्हा मीही हौसेने बरोबर गेलो. वसईची खारी हवा अशा वाद्यांना मानवत नाही. पावसाळ्यात लाकूड फुगते, हिवाळ्यात आकसते, मग पडद्यांची टोके बाहेर येऊन हाताला ओरबाडतात. येथे दुखणे वेगळे होते. पहिल्या तीन पडद्यांवर बारीक तारांखाली खोल चरे पडले होते, आणि तार झणझणत होती. कारागिराने पडद्यांच्या माथ्यावर शाई फासली, लांब सपाट कानस एकदाच हलक्या हाताने फिरवली. उंच होते तेथली शाई गेली, चऱ्यांतली तशीच राहिली.

“अंकल, सगळे या चऱ्यांच्या पातळीला आणले तर पडदे फार ठेंगणे होतील,” तो मला म्हणाला. “कानसेने गेलेले परत येत नाही.”

मुलगा गप्प राहिला. ते चरे कोणाच्या बोटांनी पडले, हे त्याला ठाऊक होते. रविवारच्या मिस्सेला आणि लग्नांत आजोबा त्याच तीन-चार जागा धरून वाजवीत.

शेवटी ते तीनच पडदे बदलायचे ठरले. कारागिराने एकेक पडदा तापवून, लाकडाची ढलपी निघू नये म्हणून चिमट्याने कणाकणाने उचलला. नवे बसवून, उरलेल्यांशी मेळ घालून माथे पुन्हा गोल केले. पैसे देऊन निघताना मुलाने जुने तीन तुकडे मागून घेतले. कारागिराने ते वर्तमानपत्राच्या कपट्यात बांधून दिले. आज ते त्याच्या आईच्या शिवणाच्या डब्यात आहेत.