हुकूमनाम्यानंतरचा कायदा

हातकणंगले तालुक्यातल्या एखाद्या भावकीतला शेतजमिनीच्या वाटपाचा दावा निकाली निघतो. कुणाचा किती हिस्सा, हे न्यायालयाने ठरवलेले असते. बांध कुठे पडणार, हे मात्र अजून ठरलेले नसते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे सारा भरणाऱ्या जमिनीचे प्रत्यक्ष वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. कागद तहसील कचेरीत जातात, भूमी अभिलेखचे मोजणीदार येतात, विहीर, वाट आणि जमिनीचा कस पाहून सरस-निरस हिस्से पाडले जातात. यात वर्षे जातात, आणि ज्याच्या बाजूने निकाल लागला त्याचा संयम याच काळात संपतो.

निकाल आणि ताबा यांच्यामधल्या या अभ्यासक्षेत्रात नव्या वाचकाचे मनापासून स्वागत. संहितेतला सर्वांत लांब आदेश, म्हणजे आदेश २१, याच विषयाचा आहे. दावा जिंकणाऱ्याच्या अडचणी हुकूमनामा हाती पडल्यावर सुरू होतात, अशा अर्थाचे मत प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्येच नोंदवले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये देशभरातून आकडे मागवले, तेव्हा ८ लाख ८० हजारांहून अधिक दरखास्ती, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचे अर्ज, प्रलंबित निघाल्या. त्यांतल्या ३ लाखांहून अधिक मुंबई उच्च न्यायालयाच्या कक्षेतल्या. दरखास्त दाखल करायला सर्वसाधारणपणे १२ वर्षांची मुदत आहे. ती निकाली काढायला प्रत्यक्षात किती वर्षे लागतील, हे कुणी सांगत नाही.

या क्षेत्राचा कणा म्हणजे बेलीफ. न्यायाधीशांचा आदेश नाझराच्या हातून त्याच्याकडे येतो आणि तो वॉरंट, पंच व पंचनाम्याचे कागद घेऊन दारात उभा राहतो. त्या उंबरठ्यावर कायदा फार जपून वागतो, आणि मला तो तिथेच सर्वांत थोर वाटतो. जंगम मालाच्या जप्तीसाठी सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी राहत्या घरात शिरायचे नाही. बाहेरचे दार तोडायचे तर घर ऋणकोच्याच ताब्यात हवे आणि त्याने आत येऊ देण्यास नकार दिलेला हवा. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची अवजारे, शेतकऱ्याचे बी-बियाणे आणि औत, तसेच धार्मिक रूढीमुळे स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने कलम ६० ने जप्तीतून वगळले आहेत.

ही दया आपोआप आलेली नाही. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जळाले, दंगे नगरपर्यंत पसरले. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला होणारी अटक त्याने थांबवली आणि खास तारण न दिलेली जमीन लिलावातून वाचवली.

दुसरी बाजूही तितकीच खरी. हुकूमनामा मिळवणारी विधवा, पगार थकलेला कामगार, भाडेकरूकडून स्वतःचेच घर परत मागणारा म्हातारा यांना अंमलबजावणीविना मिळतो तो कागदच. म्हणून ऋणकोची बाजू आणि दरखास्तदाराची बाजू एकाच बैठकीत वाचावी. इचलकरंजीत घरातच चार यंत्रमाग चालवणाऱ्या विणकराचे माग ही कारागिराची अवजारे मानायची, की कारखानदाराची मालमत्ता? अभ्यासकाने आदेश २१ हातात घेण्याआधी या प्रश्नावर स्वतःचे उत्तर लिहावे, आणि मग बेलीफांचे जुने अहवाल वाचायला घ्यावेत: दाराला कुलूप आढळले, तिऱ्हाइताने हरकत घेतली, पंच मिळाले नाहीत.