माहिती आणि अधिकार : मीरा रोड प्रकरणाच्या निमित्ताने

ऑक्टोबर २०१६ च्या आरंभी ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर रात्रीच्या वेळी छापे घातले. सातशेहून अधिक कर्मचाऱ्यांची चौकशी झाली व सुमारे सत्तर जणांना प्रथम अटक करण्यात आली. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे ही तरुण मंडळी अमेरिकी नावे धारण करून आणि लिहून दिलेले संवाद पुढ्यात ठेवून अमेरिकेतील नागरिकांना तेथील महसूल खात्याचे अधिकारी म्हणून फोन करीत. कर थकल्याचे सांगून ती अटकेची धमकी देत व गिफ्ट कार्डांच्या रूपाने रक्कम उकळीत. २०११ च्या जनगणनेत सुमारे ८ लाख लोकवस्ती असलेल्या मीरा-भाईंदरचे नाव या प्रकरणामुळे परदेशी वृत्तपत्रांत पोहोचले.

या प्रकरणाचा विचार बहुधा गुन्ह्याच्या अंगानेच झाला आहे. इतिहासाच्या अभ्यासकापुढे मात्र निराळा प्रश्न उभा राहतो : अपरिचित आवाजावर ऐकणाऱ्यांनी विश्वास का ठेवला? अहमदाबादेतील अशाच स्वरूपाच्या कॉल सेंटरांसंबंधी अमेरिकी न्याय खात्याने त्याच महिन्यात ५६ व्यक्ती व ५ कॉल सेंटरांविरुद्ध आरोपपत्र जाहीर केले. त्यात उत्तराचा धागा सापडतो. माहितीचा व्यापार करणाऱ्यांकडून मिळविलेल्या तपशिलांच्या आधारे सावज हेरले जाई, असे त्यात नमूद आहे. ज्याला आपले नाव व पत्ता ठाऊक आहे तो सरकारी माणूसच असला पाहिजे, असा ग्रह ऐकणाऱ्याच्या मनात होणे स्वाभाविक होते.

हा ग्रह केवळ अमेरिकेतील नव्हे, आणि तो सर्वस्वी निराधारही नव्हे. महाराष्ट्राच्या गावगाड्यात कुळे, जमिनी व वसुली यांची नोंद कुलकर्ण्याच्या दप्तरात असे. घराची माहिती ज्याच्यापाशी, तोच राज्यसत्तेचा गावातील प्रतिनिधी होय, असा शतकांचा अनुभव होता. मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने नष्ट झाली. परंतु दप्तर सरकारी नोकराच्या हाती राहिले आणि माहिती व अधिकार यांची सांगडही कायम राहिली.

'खासगी' या शब्दाचा प्रवासही येथे लक्षात घेण्याजोगा आहे. होळकरांच्या राज्यात 'दौलत' व 'खासगी' असे उत्पन्नाचे दोन विभाग होते. १७३४ मध्ये गौतमाबाई होळकर यांना खासगी जहागीर मिळाली. राजघराण्याच्या मिळकतीला लागू असलेला हा शब्द आज प्रत्येक घराच्या अंतर्गत व्यवहाराला लावला जातो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. एके काळचा दरबारी शब्द अशा रीतीने सामान्य नागरिकाच्या हक्काचा वाचक झाला.

मात्र हा हक्क मान्य होण्यापूर्वीच दप्तराचे स्वरूप पालटले होते. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे आधार क्रमांकांच्या वाटपास प्रारंभ झाला. पुढे आधार क्रमांक, जन्मतारीख, दूरध्वनी क्रमांक हे तपशील बँक, फोन कंपनी, विश्रामगृह, घरभाड्याचा दलाल अशा अनेकांच्या हाती गेले. माहिती पुष्कळांजवळ आली. अधिकार मात्र पूर्वीइतक्याच थोड्यांजवळ राहिला. वस्तुतः दोहोंची सांगड येथेच तुटली, पण जनमानसात ती टिकून राहिली. फसवणुकीचा सारा डोलारा या विसंगतीवर उभा आहे.

मीरा रोडहून अमेरिकेकडे गेलेली ही युक्ती पुढे भारतीय घरांवरच उलटली. 'डिजिटल अरेस्ट' या नावाने पोलीस वा न्यायालयाचे सोंग घेऊन कुटुंबांना लुबाडण्याचे प्रकार इतके वाढले की २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात' कार्यक्रमात पंतप्रधानांना त्याविषयी इशारा द्यावा लागला. फोनवरून अटक करण्याची कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही. अशा प्रसंगी घरच्यांनाही काही सांगू नये, अशी ताकीद हटकून दिली जाते. ज्याची माहिती आधीच बाहेर गेली आहे, त्यालाच आपल्या माणसांपासून गुप्तता पाळावयास लावणे, हे या फसवणुकीचे मर्म होय.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती बाळगणाऱ्यांवर जबाबदारी टाकली असून मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरविली आहे. तथापि, एकदा बाहेर गेलेली माहिती कोणताही कायदा परत आणून देऊ शकत नाही. म्हणून आपले तपशील सांगणारा मनुष्य त्या सांगण्यामुळे अधिकारी ठरत नाही, ही जाणीव घरातील वृद्धांपासून मुलांपर्यंत सर्वांना करून देणे अगत्याचे आहे. फोन ठेवावा, घरात बोलावे, संबंधित कार्यालयाचा क्रमांक स्वतः शोधून खात्री करावी, ओटीपी कोणासही सांगू नये. आणि पैसे गेलेच, तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. दप्तरधारकासमोर मान तुकविण्याची सवय कित्येक पिढ्यांची आहे. ती मोडण्याचे काम घरातच सुरू व्हावयास हवे.